चार्जिंग जाते कुठे : अपग्रेडनंतरच्या तपासणीच्या नोंदी

१७ मार्च २०२५, अमळनेर

फेब्रुवारीत बचत गटांच्या निम्म्या लॅपटॉपवर लिनक्सची (विंडोजसारखी मशीन चालवणारी प्रणाली) नवी आवृत्ती टाकली. आज पारोळ्याच्या ताईंचा फोन. "भाऊ, नवं टाकलं तशी चार्जिंग टिकतच नाही. आधीचं होतं तेच टाकून द्या परत." धरणगावहूनही गेल्या आठवड्यात हेच कानावर आलं होतं. चोपड्याच्या मशीनवरही नवीच आवृत्ती आहे, पण तिकडून तक्रार नाही.

हा विषय लांबणीवर टाकण्यासारखा नाही. ही मशिनं गावोगाव जातात. शाळेच्या नाहीतर मारुतीच्या ओट्यावर बसून माती परीक्षणाचे, पीक विम्याचे अर्ज भरले जातात. गावची डीपी जळालेली असली की चार्जर लावायला लाइटच नसते. अशा वेळी मशीन मध्येच बंद पडलं तर रांगेतल्या बायांची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि पुन्हा यावं लागतं ते वेगळंच. उरलेल्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती टाकायची की नाही, हे खरिपाच्या आत ठरलं पाहिजे. जुन्या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट काही कायम मिळणार नाहीत, त्यामुळे 'राहू द्या जसं आहे तसं' हे उत्तर फार दिवस पुरणार नाही.

१८ मार्च

समितीच्या बैठकीत विषय काढला. नानांचं म्हणणं सरळ होतं : सॉफ्टवेअरचा आणि बॅटरीचा संबंध काय? बॅटरी म्हातारी झाली असेल, बदलून टाका.

संबंध असतो, आणि चांगलाच असतो. मार्च २०११ मध्ये लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे त्याच्या गाभ्याची, २.६.३८ ही आवृत्ती आली आणि बऱ्याच लॅपटॉपचा वीजखर्च वाढला. लॅपटॉपच्या आत पीसीआय एक्सप्रेसच्या जोडण्या असतात. त्या रिकाम्या असताना त्यांना झोपवण्याची जी सोय आहे तिला एएसपीएम म्हणतात. काही लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं आतलं सॉफ्टवेअर) एकीकडे 'ही सोय इथे नाही' असं सांगायचं आणि दुसरीकडे स्वतःच काही उपकरणांवर ती चालू ठेवायचं. नव्या कर्नलने बायोसचं बोलणं खरं मानलं आणि सोय सरसकट बंद केली. बॅटरी तीच, लॅपटॉप तोच, फक्त कर्नल बदललेला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती झाली.

म्हणजे ताईंचं म्हणणं खरं असू शकतं, आणि नानांचंही. मोजल्याशिवाय दोघांपैकी कोणालाच खोटं ठरवायचं नाही, असं बैठकीत ठरलं. नानांनी वही दिली आहे, सगळे आकडे त्यात.

२० मार्च

सगळे लॅपटॉप एकाच मॉडेलचे, इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचे, सेकंडहँड घेतलेले. तरी सगळे सारखे असं धरता येत नाही. बॅटरी नवी असताना किती वीज मावत होती आणि आज किती मावते, हे दोन्ही आकडे लिनक्स छोट्या फाइलींमध्ये ठेवतं. नावं 'एनर्जी फुल डिझाइन' आणि 'एनर्जी फुल'. मूळ क्षमता सगळ्यांची ४५ वॅट-तास. पारोळ्याची आज २९.३ वर आली आहे, म्हणजे ६५ टक्के. चोपड्याची ३९.६, म्हणजे ८८ टक्के. माझ्या टेबलावर जे सुटं मशीन आहे त्याची ३६.२.

दोघींकडे काम सारखंच, समजा ९ वॅटचं. पारोळ्याला सव्वातीन तास मिळतील, चोपड्याला जवळपास साडेचार. आवृत्ती दोन्हीकडे नवीच. चोपड्याहून फोन का आला नाही, याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

विहिरीत पाणी किती ही एक गोष्ट आणि मोटर किती ओढते ही दुसरी. 'बॅटरी इतके तास चालली' या वाक्यात दोन्ही मिसळलेल्या असतात. अपग्रेडमुळे फरक पडलाच असेल तर तो ओढण्यात पडेल. विहीर काही अपग्रेडने आटत नाही. म्हणून तास विचारायचे नाहीत, वॅट मोजायचे.

आणि दोन मशिनांची तुलना करायचीच नाही. एकाच मशीनवर जुनी आणि नवी दोन्ही आवृत्त्या ठेवायच्या. त्याही एकाच एसएसडीच्या, म्हणजे साठवणीच्या डिस्कच्या, दोन पार्टिशनवर (कप्प्यांवर). दोन वेगळ्या एसएसडी अदलून-बदलून लावणं सोपं पडलं असतं, पण रिकामी असताना प्रत्येक एसएसडी वेगळी वीज खाते आणि तो फरक आवृत्तीच्या नावावर चढला असता.

२२ मार्च

आजचा दिवस तयारीत गेला. दोन्ही बाजूंना काय काय सारखं ठेवायचं ते ठरवलं.

पडद्याचा उजेड सगळ्यात आधी, कारण साध्या कामात सगळ्यात मोठा खाणारा तोच. स्लायडर अर्ध्यावर ठेवला म्हणजे दोन्ही आवृत्त्यांत उजेड सारखा येईल, असं नाही. म्हणून बॅकलाइटच्या फाइलीत थेट आकडा लिहिला. आपोआप मंद होण्याची सेटिंग दोन्हीकडे बंद. पॉवर प्रोफाइल दोन्हीकडे 'बॅलन्स्ड'. ब्लूटूथ बंद, यूएसबीला काही नाही, वायफाय एकाच राउटरचं. खोलीत थर्मामीटर टांगला.

नवी आवृत्ती टाकून मशीन दोन दिवस चार्जरवर नुसतं चालू ठेवलं आहे. अपग्रेड झाल्या झाल्या फाइलींची नव्याने सूची बनवणारा इंडेक्सर चालतो, राहिलेले अपडेट उतरतात, ब्राउझर आपली साठवण पुन्हा भरतो. या काळात पंखा फिरणारच. पहिल्या दिवसाच्या अनुभवावरून नव्या आवृत्तीला नावं ठेवणं तिच्यावर अन्याय आहे.

मोजायची पद्धत अशी. 'एनर्जी नाऊ' नावाच्या फाइलीत आत्ता बॅटरीत किती वीज उरली तो आकडा असतो. आज दुपारी तिथे २८९४०००० होतं. हे मायक्रोवॅट-तास, दहा लाखांनी भागलं की २८.९४ वॅट-तास. अर्ध्या तासाने पुन्हा वाचायचं, वजाबाकी करायची, दुप्पट केलं की सरासरी वॅट. 'पॉवर नाऊ' ही फाइल क्षणाचे वॅट दाखवते, पण तो आकडा उड्या मारतो. शिवाय दर सेकंदाला वाचत बसलं तर प्रोसेसर त्यासाठीच जागा राहतो आणि मोजणंच वीज खातं. वाचन ८० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंतच घ्यायचं. वरच्या आणि खालच्या टोकाला बॅटरीच्या मीटरचा भरवसा कमी असतो.

क्रम : जुनी, नवी, पुन्हा जुनी, पुन्हा नवी. एकदा जुनी आणि एकदा नवी मोजून थांबलं तर मधल्या वेळात बदललेलं सगळं नव्याच्या माथी बसतं. परत जुन्यावर येऊन तोच आकडा मिळाला, तरच तुलना धरायची.

२५ मार्च

मशीन चालू, पडदा चालू, काम काही नाही. सकाळची वेळ, खोली २७ अंश.

जुनी ५.८ वॅट. नवी ५.९. जुनी ६.०. नवी ६.१.

जुन्याच्याच दोन वाचनांमध्ये ०.२ चा फरक आहे. जुनी आणि नवी यांच्यातला फरक त्याहून कमी. याचा अर्थ एकच : रिकाम्या मशीनवर फरक सापडला नाही.

२६ मार्च

दुपारभर लाइट नाही. राउटर बंद, त्यामुळे मोजणी नाही. हॉटस्पॉटवर मोजता आलं असतं, पण मग कालच्या आकड्यांशी जुळवता आलं नसतं.

२९ मार्च

कामाची मोजणी. एक स्क्रिप्ट बनवली : अर्जाचं पान उघडते, रकाने भरते, खाली जाते, जतन करते, पुन्हा उघडते. ताई जितक्या वेगाने भरतात तितक्याच वेगाने. जुनी ८.७, नवी ९.१, जुनी ८.८, नवी ८.९. सरासरीत नवी पाव वॅटने जड. माझ्या मशीनच्या बॅटरीवर हिशेब केला तर चार तासांत पाच-सात मिनिटं. फरक आहे असं मानलं तरी यासाठी कोणी फोन करणार नाही.

प्रशिक्षणाचे व्हिडिओही लावून पाहिले. इथे आवृत्तीपेक्षा व्हिडिओ कोणत्या प्रकारात दाबलेला आहे हे महत्त्वाचं ठरतं. व्हीपी९ असेल तर आठव्या पिढीच्या इंटेलची ग्राफिक्स चिप तो स्वतः उलगडते आणि प्रोसेसर शांत राहतो. एव्ही१ उलगडण्याची सोय इंटेलच्या चिपमध्ये अकराव्या पिढीपासून आली. आमच्या मशीनवर तो भार प्रोसेसरवर येतो, पंखा सुरू होतो. जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांत हेच. प्रशिक्षणाचे व्हिडिओ आधीच उतरवून, हलक्या प्रकारात मशीनवर ठेवून देणं बरं.

३ एप्रिल

ऊन तापलंय. आज मुद्दाम कुलर बंद ठेवून दुपारी दोनला तीच स्क्रिप्ट चालवली. खोली ३९ अंश. जुनी १०.०, नवी १०.१.

हा मला आजवरचा सगळ्यात बोलका आकडा वाटतो. आवृत्तीने पाव वॅट वाढवला, उन्हाने सव्वा वॅट. चिप तापली की तिच्यातून गळणारा विद्युतप्रवाह वाढतो, काम तेवढंच असलं तरी खर्च वाढतो. पंखा सतत फिरतो तो वेगळा. अपग्रेड फेब्रुवारीत झालं, तेव्हा सकाळी स्वेटर लागत होता. तक्रारी मार्चमध्ये आल्या. मधल्या काळात आपल्याकडे फक्त आवृत्तीच नाही, ऋतूही बदलला. अजून तर मे यायचाय, तेव्हा जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४५ ला टेकतो.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. उन्हाने बॅटरीची त्या दिवशीची क्षमता कमी होत नाही. उलट थंडीत ती कमी दिसते. ऊन दोन वाटांनी नडतं : मशीन जास्त ओढतं, आणि पूर्ण भरलेली बॅटरी तापत राहिली की ती कायमची झिजते. पारोळ्याची ६५ टक्क्यांवर आली त्यात अशा किती उन्हाळ्यांचा वाटा असेल.

तरीही ऊन हे पुरतं उत्तर नाही. नवी आवृत्ती न टाकलेली मशिनंही याच उन्हात फिरत आहेत, त्यांच्या तक्रारी नाहीत.

७ एप्रिल, पारोळा तालुका

टेबलावरचं सगळं मोजून झालं, म्हणून आज ताईंबरोबर गावात गेलो. शाळेच्या ओट्यावर बैठक. सकाळी नऊलाच उजेड इतका की ताईंनी पडदा पूर्ण उजळ केला, त्याशिवाय अक्षर दिसेना. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. यूएसबीला अंगठ्याचं मशीन, सकाळी लावलं ते लावलेलंच. त्याचा लाल दिवा कोणी अंगठा ठेवो न ठेवो, लुकलुकत होता. हातावर मातीचे डाग असलेल्या एक आजी पुढे सरकल्या आणि मशीनकडे बोट करून विचारलं, "आजच व्हई ना रे भाऊ?" ताई म्हणाल्या, "व्हई, आजी, व्हई." तेव्हा पडद्यावर ४१ टक्के होते, आणि दहा वाजायचे होते.

गर्दी ओसरल्यावर ताईंना विचारलं, सकाळी निघताना किती होती?

"साठ. रात्री फुल्ल करते मी, सकाळी बघते तर साठ."

"रात्रभर लावून का नाही ठेवत?"

"व्होल्टेज वर-खाली होतं भाऊ. मागे टीव्ही उडाला घरचा. झोपताना काढूनच ठेवते."

"बंद करता का मशीन?"

"झाकते नुसतं. सकाळी लगेच उघडतं ना."

मी इतके दिवस चालू मशीन किती ओढतं ते मोजत होतो. इथे चाळीस टक्के वीज रात्री, झाकलेल्या मशीनमधून जात होती.

९ एप्रिल

माझ्या टेबलावरच्या मशीनची रात्रीची मोजणी. नवी आवृत्ती, रात्री नऊला झाकलं तेव्हा ३४.१ वॅट-तास, सकाळी सहाला उघडलं तेव्हा २२.४. नऊ तासांत ११.७, म्हणजे सरासरी १.३ वॅट. जुन्या आवृत्तीवर तेवढ्याच वेळात ३३.९ वरून ३१.०. सरासरी एक-तृतीयांश वॅटही नाही.

पारोळ्याच्या २९.३ मधून ११.७ वजा करा. उरतात १७.६. बरोबर साठ टक्के.

कारण शोधायला वेळ लागला नाही. लॅपटॉप झाकल्यावर झोपण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीला लिनक्समध्ये 'डीप' म्हणतात : मेमरी सोडून जवळजवळ सगळ्याची वीज तोडली जाते. दुसरी 'एसटूआयडल' : काहीच पूर्ण बंद होत नाही, फक्त सगळं शांत बसवलं जातं. दुसरी पद्धतही कमी वीज खाऊ शकते, पण त्यासाठी आतल्या प्रत्येक भागाने गाढ झोपावं लागतं. एकानेही झोप मोडली की सगळा प्रोसेसर अर्धवट जागा. इंटेलच्या मशीनवर गाढ झोपेत किती वेळ गेला याची नोंद कर्नल ठेवतो. आमच्याकडे ती रात्र उलटूनही शून्य होती.

ही मशिनं घेतली तेव्हाच हे लक्षात आलं होतं आणि मशीन सुरू होताना लिनक्स चालू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या फाइलीत 'डीप' झोप ठरवणारी एक ओळ घातली होती. अपग्रेड चालू असताना मध्ये एक प्रश्न येतो : ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घेऊ? फेब्रुवारीत नवी घेतली गेली. ओळ गेली. तिच्याबरोबर डीप झोप गेली.

मग ताईंचं खरं ठरलं की नाही? ठरलं. अपग्रेड झालं तशीच चार्जिंग जायला लागली. पण नवी आवृत्ती जास्त खाते असं नाही, अपग्रेड करताना आपली एक सेटिंग पुसली गेली. जुनी आवृत्ती परत टाकून चार्जिंग टिकली असती आणि आपण कायमचं नव्या आवृत्तीला दोषी धरून बसलो असतो.

१० एप्रिल

ओळ परत घातली, ग्रब अद्ययावत केलं, मशीन पुन्हा चालू केलं. 'मेम स्लीप' फाइलीत आता चौकटी कंस 'डीप'भोवती आहे, म्हणजे तीच पद्धत निवडलेली. नव्या आवृत्तीवर रात्रभर ठेवून पाहिलं : ३३.८ वरून ३१.१. सरासरी ०.३ वॅट. सकाळी उघडायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात, वायफाय लगेच जोडलं गेलं.

पारोळ्याला जाऊन तिथलंही केलं. पुढेमागे नवे लॅपटॉप घेतले तर मात्र आधी पाहावं लागेल. अनेक नव्या मॉडेलमध्ये कंपनी 'डीप' झोप देतच नाही. तिथे रात्री मशीन पूर्ण बंद करणं हाच उपाय.

१४ एप्रिल

अंगठ्याचं मशीन मनातून जात नव्हतं. आज मोजलं. यूएसबीला नुसतं लावून ठेवलं, अंगठा एकदाही नाही : ६.० चे ७.१ वॅट झाले. दोन्ही आवृत्त्यांत तेवढेच. वीज कुठे जाते ते दाखवणाऱ्या पॉवरटॉप या प्रोग्राममध्ये पाहिलं की ते लावल्यावर प्रोसेसर खोल विश्रांतीच्या पायऱ्यांपर्यंत उतरतच नाही, वरच्याच पायऱ्यांवर अडकतो. त्याची सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा त्याचा प्रोग्राम, सारखी विचारत राहते, अंगठा आला का, अंगठा आला का. ते उपकरण स्वतः खातं त्यापेक्षा मशीनला झोपू न देऊन जास्त खर्च करवतं.

ताईंना फोन करून सांगितलं : अर्ज भरून घ्या, अंगठ्यापुरतं लावा, काढून ठेवा. "रांग असली की काढ-घाल जमत नाही भाऊ," म्हणाल्या. बरोबर आहे. मग दहा अर्ज भरून ठेवायचे आणि दहा अंगठे एकदम घ्यायचे, असं त्यांनीच सुचवलं.

२८ एप्रिल

पारोळ्याहून निरोप : रात्री फुल्ल, सकाळी ९१. दुपारच्या जेवणापर्यंत मशीन चालतं.

धरणगावला तीच ओळ घातली होती, रात्रीची गळती तिथेही थांबली. तरी तिथल्या ताई समाधानी नाहीत. बॅटरी पाहिली तर २४ वॅट-तासांच्या खाली आलेली, म्हणजे निम्मीच उरली. इथे नानांचंच खरं. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करून बॅटरी मागवली आहे.

६ मे

समितीत वही ठेवली. ठरलं ते असं : उरलेल्या मशिनांवर नवी आवृत्ती याच महिन्यात टाकायची, पाऊस पडून अर्जांची गर्दी होण्याआधी. फाइलीचा प्रश्न आला की आपली ठेवायची. अपग्रेडच्या आदल्या रात्रीची आणि नंतर दोन दिवस सोडून पुढच्या एका रात्रीची गळती मोजून वहीत लिहायची. बॅटरीची आजची क्षमता त्याच पानावर, म्हणजे पुढच्या वेळी वाद विहिरीचा आहे की मोटरचा हे लगेच कळेल. ही मशिनं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवू देतात. शिबिर नसेल त्या दिवशी ८०, शिबिराच्या आदल्या रात्री १००. गाडीच्या डिकीत उन्हात मशीन ठेवायचं नाही, हे नानांनी स्वतः सगळ्या ताईंना सांगायचं कबूल केलं.

राहिलेली कामं : धरणगावच्या नव्या बॅटरीचा पहिला 'एनर्जी फुल' आकडा लिहून ठेवणं. अंगठ्याच्या मशीनची सर्व्हिस फक्त अर्जाचं पान उघडं असतानाच चालेल अशी सोय होते का ते पाहणं. आणि मेच्या उन्हात, दुपारी दोनला, कुलर बंद ठेवून एकदा नवी आवृत्ती पुन्हा मोजणं.